आनंद झाला की पडणारा माणूस

आमच्या सरांना चांगली बातमी उभ्याने सांगायची सोय नव्हती. वाईट बातमी कधीही, कुठेही सांगा; भर रस्त्यात सांगा, जिन्यात सांगा, ते ती शांतपणे ऐकून घेत आणि आपल्या कामाला लागत. पण चांगली बातमी घेऊन कुणी येताना दिसला, की त्याच्या चालीवरूनच त्यांना ते कळे. मग हात वर करून त्याला अडवत आणि म्हणत, "थांबा जी. मला आधी टेकू द्या, मग सांगा." खुर्ची, ओटा, पायरी, काहीच नसलं तर जमीन. नीट बसले, पाठ भिंतीला लागली, चष्मा काढून खिशात ठेवला, की मग म्हणत, "हं, आता सांगा. सावकाश सांगा."

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवरा बँकेत होता. मला मराठी माध्यमाच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलं बहुतेक बमरोलीच्या लूमच्या कारखान्यांतल्या कामगारांची, घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि आमच्यापुढे भीतभीत तिसरी बोलणारी. सर त्या शाळेत गणित शिकवत. त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो, त्यामुळे दिवसा शाळेत आणि उरलेला वेळ जिन्यात ते मला दिसत. मूळचे अमरावतीकडचे. अर्धं आयुष्य सुरतेत गेलं तरी बोलण्यातलं 'करून राहिलो' आणि 'जी' त्यांनी सोडलं नव्हतं. मुलांनी त्यांचं नाव पुतळा ठेवलं होतं, कारण ते हसत नसत.

त्यांना पडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेतच. आमची एक मुलगी, बाप लूमवर पाळी करणारा, शिष्यवृत्तीला पहिल्या काही जणांत आली होती. मुख्याध्यापक ती बातमी ओरडतच शिक्षकांच्या खोलीत शिरले. सर कपाटाशी उभे होते. त्यांनी घाईने चष्मा काढला आणि खिशात सारला. मग जबडा सैल पडला, मान कलली, गुडघे वाकले आणि ते कपाटाला घासत खाली आले. शिपाई धावला तो हातात चप्पल घेऊनच. फिट आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कुणी म्हणालं कांदा फोडा. हिंदीच्या बाईंनी शेजारणीला सांगितलं, "घरी भांडण झालं असेल. बायको खाष्ट आहे म्हणतात." मी भिंतीला चिकटून उभी. सरांचे डोळे अर्धे उघडे होते आणि ते सरळ माझ्याकडे पाहत होते.

थोड्या वेळाने ते उठले, कपडे झटकले, चष्मा घातला आणि शिपायाला म्हणाले, "चप्पल नवी घेतलेली दिसते. चामडं चांगलं आहे." मग हिंदीच्या बाईंकडे वळून, अगदी नम्रपणे, "बायको खाष्ट नाही जी. आवाज मोठा आहे तिचा, बस." बाईंनी त्यानंतर बरेच दिवस डबा वर्गात बसून खाल्ला.

म्हणजे त्यांना सगळं ऐकू येत असे. पडलेल्या माणसाला काही कळत नाही, अशी आपली एक ठाम समजूत आहे आणि तिच्या भरवशावर माणसं वाट्टेल ते बोलतात. सर आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला ओळखत ते जमिनीवरून. कोण पाणी आणायला धावतं, कोण 'हात नका लावू, उगाच आपल्यावर येईल' म्हणतं, कोण पाकीट खिशातून पडेल म्हणून काढून ठेवतं आणि कोण नुसतंच काढतं, हे त्यांना पाठ होतं. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाला एक शब्द सुनावला नाही. मला तर इतकं समजल्यावर एकाशीही धड बोलता आलं नसतं.

त्यात गुजरातेत दारूबंदी. आमच्या सुरतेत माणूस रस्त्यात पडला की बघ्यांमध्ये लगेच दोन पक्ष होत. एक नाकाशी चप्पल धरणारा आणि दुसरा तोंडाचा वास घेणारा. एकदा उधन्याच्या नाक्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने धावत येऊन सरांचे पाय धरले. पोरगा मोठ्या हुद्द्यावर लागला होता, सरांनी त्याला चटकन ओळखलं, आणि व्हायचं तेच झालं. हवालदार आला, खाली वाकून हुंगला आणि म्हणाला, "वास तो नथी आवतो. शुं पीधुं छे आणे?" विद्यार्थी बिचारा रडकुंडीला आला. सर उठून बसले आणि हवालदाराला म्हणाले, "याला पाहून झालं साहेब. हा माझा विद्यार्थी आहे." हवालदाराने त्या पोराचंही तोंड हुंगून पाहिलं.

आणि गंमत म्हणजे या माणसाला विनोदाची भयंकर आवड. मी काही सांगायला तोंड उघडलं की विचारत, "बाई, हा विनोद आहे काय? मग मधल्या सुट्टीत. खुर्चीवर." सुट्टी झाली की हाताची खुर्ची भिंतीशी ओढून घेत, चष्मा काढत आणि परवानगी देत. मी सांगे. ते हसायला लागत न लागत तोच चेहऱ्यावरचं हसू ओघळून जाई, हनुवटी छातीवर टेके आणि दोन्ही हात मांडीवरून खाली लोंबत. आपण वाट बघत बसायचं. मग मान वर येई आणि निकाल लागे. "यानं नुसती मान गेली. बरा होता." किंवा, "हात गेले. उत्तम." एवढ्या प्रामाणिकपणे विनोदाला दाद देणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

वर्गात मात्र ते हसू येऊच देत नसत. पोरं म्हटली की एखादं तरी भन्नाट उत्तर देणारच. तसं काही झालं की सर डाव्या हाताने खिडकीचा गज घट्ट धरत आणि पुटपुटत, "एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा..." साडेतीनचा हा जुना पाढा त्यांच्या आजोबांनी पाठ करून घेतला होता. तो म्हणताना कुणालाही आनंद होणं शक्य नाही, असं ते सांगत. मुलांना वाटे, सर रागावले.

झोपेचं वेगळंच. ती आनंदासाठी थांबत नसे. फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता अक्षरं तिरपी व्हायला लागत, ओळ खाली घसरत जाई आणि खडू फळ्याला टेकवून सर उभ्याउभ्या गेलेले असत. कधी त्या झोपेत हात लिहीतच राही आणि आकड्यांच्या जागी भलतंच काही उमटे. पुढच्या बाकावरची मुलं 'सर' म्हणत, सर फळा पुसत आणि गणित पहिल्यापासून मांडत. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात मागे बसलेले असताना सर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देता देताच झोपले. मुख्याध्यापक पांढरेफटक पडले. साहेब उठून दारापर्यंत गेले असतील तोच सर जागे झाले आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच पुढे बोलू लागले. साहेब दारात थांबून ते पूर्ण ऐकून गेले. शेरा काय दिला ते आम्हाला कधी कळलं नाही.

हे सगळं मी हसत सांगते आहे खरी, पण या दुखण्याने त्यांच्याकडून काय काय नेलं होतं ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. लग्नानंतर वर्षभर त्यांना वाटे, नवऱ्याला आपण आवडत नाही. कारण त्या हसून पुढ्यात आल्या की हा माणूस तोंड फिरवून पाढे म्हणायचा. पुढे उलगडा झाला तेव्हा त्यांनी घरची रीतच बदलून टाकली. "पोरीच्या वेळची बातमी मी त्यायले रात्री अंथरुणावर पडल्यावरच सांगितली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आता कुठं पडता पाहू." मुलगी झाली तेव्हा सर तिला मांडीवर घेत, पण उभ्याने कडेवर त्यांनी तिला एकदाही घेतलं नाही. ती हसली असती आणि दोघंही जमिनीवर आली असती. बाळ दोन्ही हात वर करून 'घे' म्हणायचं आणि बाप आधी खाली बसायचा.

डॉक्टर झाले होते, देवऋषी झाले होते, दंडाला ताईत बांधून झाला होता. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पडणं थांबलं नाही आणि झोप मात्र दुप्पट झाली. शेवटी त्यांनी सगळं सोडून दिलं आणि आनंदापासून चार हात लांब राहायचं ठरवलं. मग टायगर आला.

कतारगामला एका हिऱ्याच्या कारखानदाराकडे सर त्याच्या मुलांना शिकवायला जात. शेठने राखणीसाठी एक डॉबरमन आणला होता. काळाभोर, उंच, पाहूनच चोराने रस्ता बदलावा असा. पण त्याच्यापुढे खाण्याची थाळी ठेवली की आधी मागचे पाय जात, मग पुढचे, आणि ते धूड थाळीशेजारी आडवं होई. शेठ वैतागला होता. "मास्तर, आ कूतरो कोई कामनो नथी. रोटलो जुए ने पडी जाय." नोकर म्हणत होते, पिसाळलाय, मारून टाका. त्या दिवशी शिकवणी झाली नाही. सर त्या कुत्र्याशेजारी फरशीवर बसून राहिले आणि संध्याकाळी त्याला रिक्षात घालून घरी घेऊन आले.

काकूंनी आवाज चढवला. सर ओट्यावर बसले होते, कुत्रा त्यांच्या पायाशी. ते मला म्हणाले, "बाई, याचे डोळे पाहिले काय तुम्ही? हा पडला होता, पण जागा होता. माझ्याकडे पाहून राहिला होता." त्यांनी कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी दुसऱ्या कुणाला असं पडताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं." पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आपल्यासारखं कुणीतरी आहे हे पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे एक कुत्रा होता. त्यांना त्यात काहीच कमीपणा वाटत नव्हता, आणि त्यांच्याकडे पाहून मलाही वाटेना.

टायगरला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा मी सोबत गेले. दोघं एकदम पडले तर सांभाळायला कुणीतरी हवं, असं काकूंचं म्हणणं होतं आणि त्या स्वतः कुत्र्याबरोबर रिक्षात बसायला तयार नव्हत्या. डॉक्टर सुरतीच, किडकिडीत, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तबेल्यातल्या म्हशींचा खोळंबा असूनही त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग शेजारच्या बेकरीतून खारी मागवली, तिचे तुकडे केले आणि फरशीवर थोड्या थोड्या अंतरावर एका ओळीत मांडले. "हवे छोडो आने," ते म्हणाले.

टायगर पहिल्या तुकड्यापाशी गेला आणि पडला. उठला, तो तुकडा खाल्ला, दुसऱ्यापाशी गेला, पुन्हा पडला. तिसऱ्यापाशी नुसताच बसकण मारून झुलला. डॉक्टर त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, डोळे बोटामागून गेले. मग ते आमच्याकडे पाहून हिंदीत म्हणाले, "इसको फिट नहीं है, पागल भी नहीं है. ये बस खुश होता है."

मी सरांकडे पाहिलं. चष्मा काढायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. मी कसंबसं बखोट धरलं म्हणून डोकं आपटलं नाही, पण ते टायगरशेजारीच आडवे झाले. फरशीवर एका बाजूला कुत्रा, एका बाजूला गणिताचे सर, आणि दोघांचेही डोळे उघडे. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी चप्पल काढतंय का. पण त्या डॉक्टरांनी चप्पल काढली नाही की वास घेतला नाही. त्यांनी चष्मा उचलून माझ्या हातात दिला, सरांच्या डोळ्यांपुढून तसंच बोट फिरवलं, आणि मग खाली वाकून थेट त्यांच्याशीच बोलले. "मास्तर, आप सुन रहे हैं, मुझे मालूम है. आराम से उठिए. आपको भी वही है जो इसको है."

तो क्षण मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत पडलेल्या सरांशी कुणी बोललं नव्हतं. सगळे त्यांच्याबद्दल बोलत आले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात उचलत नव्हता. मी पदराने पुसलं.

नंतर डॉक्टरांनी चहा पाजून समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपण स्वप्नात धावतो, भांडतो, पण अंथरुणात हातपाय हलत नाहीत, कारण तेवढ्या वेळापुरतं शरीर त्यांची शक्ती काढून घेतं. या दुखण्यात झोप आणि जाग यांच्यामधली भिंतच पातळ. त्यामुळे दिवसा झोप घुसते, आणि एकदम आनंद झाला, हसू आलं, की स्वप्नातलं ते बंद होणं जागेपणीच येतं. घरातली माणसं जागी आणि मेन स्विच पडलेला, असं काहीसं. नार्कोलेप्सी हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. असं का होतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. परदेशात अशाच पडणाऱ्या कुत्र्यांवर अभ्यास चालू आहे, एवढं त्यांनी वाचलं होतं. पुढे त्या कुत्र्यांमुळेच कारणाचा धागा हाती लागला, हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि मला टायगर आठवला.

डॉक्टरांनी बजावलं, की माणसाचं औषध मी देणार नाही, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. सर गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे निदान कुणी केलं?" सरांनी छाती पुढे काढून सांगितलं, "म्हशीच्या डॉक्टरांनी." निदान बरोबर निघालं. गोळी सुरू झाली. झोपेसाठी दुपारी ठरवून डुलकी घ्यायला सांगितली. ही गोळी मुळात खिन्न माणसांना देतात ती, आणि टायगरलाही तीच, त्याच्या मापाने. काकूंनी दोघांच्या गोळ्यांचे डबे वेगळे केले आणि कुत्र्याच्या डब्याला लाल दोरा बांधला. सर म्हणत, "पाहा बाई, लोक ही दुःख जावं म्हणून खातात. मी सुख पेलावं म्हणून खाऊन राहिलो."

पडणं पार थांबलं नाही, पण बरंच कमी झालं. एका दुपारी खालून एक विचित्र, फुटका, मोठा आवाज आला म्हणून मी धावत जिना उतरले. सर अंगणात उभे होते. उभे राहून हसत होते. काकू तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या. नवऱ्याचं पूर्ण हसू त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं.

आणि नेमकं त्याच सुमारास मुलीचं लग्न जमत आलं. मुलगा हजिऱ्याला एका कारखान्यात, सुस्वभावी. घरचे परभणीकडचे, वडील बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, आडव्या बांध्याचे आणि कमी बोलणारे. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं. बोलणी करायला ती मंडळी यायची होती आणि आदल्या दिवशी घरात युद्ध पेटलं. सरांचं म्हणणं, मी त्यांना सगळं सांगणार. काकूंचं म्हणणं, लग्न लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"कुत्र्याचा रोग आहे म्हून सांगत फिरा गावभर! पोरीले कोन पत्करन मंग?" काकू ओरडल्या.

"तिला नाही ना," सर म्हणाले.

"हे तुमाले माहीत, मले माहीत. लोकायच्या तोंडी एकच. बापाले फिट येते."

मी काकूंच्या बाजूने होते. आपल्याकडे अशा गोष्टी झाकूनच ठेवतात. चष्म्याचा नंबरही झाकतात. मुलगी भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगा. मला त्या घरात घाबरत नाही राहायचं."

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. पोहे पुढ्यात यायच्या आत सरांनी टायगरला बाहेर आणलं आणि खारीचा तुकडा दाखवला. गोळीने बाकी सगळं आवरलं होतं, पण खारीपुढे गोळीही हरत असे. कुत्रं पाहुण्यांच्या पायाशी आडवं झालं. मुलाची आई किंचाळून पाय वर घेऊन बसली. सर म्हणाले, "हा जसा पडला तसा मी पडतो. आनंद झाला की. दारू नाही, फिट नाही. लग्न जुळवायच्या आधी तुम्हाला ठाऊक असावं."

मग मुलाच्या आईने विचारलं, "आन् पोरीला?"

"आजवर नाही. कुत्र्यांत रक्तातून येते म्हणतात. माणसांत बहुतेक वेळा नाही, असं डॉक्टर सांगतात. पण खात्री मी देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातून झारा पडला. माझ्या मनात आलं, झालं, मोडलं. मुलाचे वडील टायगरकडे बघत होते. तो उठून अंग झाडत होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पडल्यावर दुखतं का हो तुम्हाला?"

सरांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ते म्हणाले, "दुखत नाही. ऐकू येते सगळं. बोलता येत नाही." आणि मग खालच्या आवाजात, "एकटं वाटते जी."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, 'कळवतो' म्हणाले आणि गेले. कळवतो म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. काकूंनी सरांशी बोलणं टाकलं. मुलगी कामावर जायची, यायची, हसून बोलायची, आणि ते हसू पाहवत नसे. सर नेहमीसारखे शाळेत येत. एवढ्या दिवसांत ते एकदाही पडले नाहीत, आणि मला ते पडण्यापेक्षा भयंकर वाटलं. पण आपलं चुकलं असं एका शब्दानेही ते म्हणाले नाहीत. मी असते तर मुलाकडच्यांच्या पायाशी जाऊन सारवासारव करून आले असते.

मग एका संध्याकाळी हजिऱ्याच्या बसमधून उतरून मुलगा थेट घरी आला. सर ओट्यावर बसलेले होते. तो म्हणाला, "बाबांनी विचारलंय, साखरपुड्याचं केव्हा जमेल?" सर बसल्या जागीच बाजूला कलंडले. काकूंनी धावत येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या कानाशी वाकून, आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माहं चुकलं जी. तुमचंच खरं होतं." नंतर मला म्हणाल्या, ते उभे असते तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

लग्न सुरतेलाच झालं. अमरावतीहून, परभणीहून माणसं आली होती. सरांच्या दुखण्याची गोष्ट दोन घरांतच होती, भावकीत कुणाला माहीत नव्हती. आता मोडण्यासारखं काही नव्हतं असं म्हणावं, तर लग्न अजून लागायचं होतं आणि मांडव दोन्हीकडच्या जिभांनी भरला होता. मुलीचा बाप दारात कोसळला असता तर त्याचं काय काय झालं असतं ते सांगायला नको. सरांना स्वतःच्या पडण्याची लाज नव्हती. पण पोरीच्या लग्नाची आठवण म्हणून लोकांच्या तोंडी ती चप्पल आणि तो कांदा राहू नये, एवढं त्यांना हवं होतं. सकाळची गोळी त्यांनी आठवणीने घेतली.

वरात आली. मांडवाच्या तोंडाशी व्याहीभेट असते. दोघे बाप समोरासमोर उभे राहतात, हार घालतात आणि एकमेकांना कडकडून मिठी मारतात. त्या जागी ना खुर्ची असते ना भिंत. मी काकूंच्या मागे उभी होते. हार घालून झाले. सरांनी हात पसरले, व्याह्यांनी त्यांना कवेत घेतलं, आणि मला सरांचे गुडघे वाकलेले दिसले.

काकूंनी माझा हात करकचून धरला. सरांची मान व्याह्यांच्या खांद्यावर पडली होती, दोन्ही हात त्यांच्या पाठीवरून खाली लोंबत होते. चेहरा माझ्या बाजूला होता. त्याच्यावरचा एकही स्नायू जागचा नव्हता आणि डोळे मात्र उघडे, भरलेले, आणि इतके आनंदी, की तसा आनंद मी कुणाच्या डोळ्यांत त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. व्याह्यांनी पाय फाकवून घट्ट रोवले होते. सरांचं सगळं ओझं त्यांनी छातीवर पेललं होतं. ओठ सरांच्या कानाशी होते आणि ते काहीतरी सांगत होते, सारखं सांगत होते. बँडचा गजर चालू होता. माझ्यामागे कुणीतरी म्हणालं, "बघा तरी, काय प्रेम आहे व्याह्यांचं!"

फोटो काढणारा सुरती पोरगा घाईला आला होता. मुहूर्त जवळ येत होता, मामा लोक हार घेऊन रांगेत उभे होते. तो कॅमेरा खाली घेऊन म्हणाला, "बस वेवाई, हवे छूटा पडो. बीजा ऊभा छे."

व्याह्यांनी मानही वळवली नाही. सरांना जरा वर सावरून घेत ते म्हणाले, "थांब रे जरा. आमची भेट व्हायची आहे अजून."